टिळकांवर दहा मिनिटं बोलायचंय, पण नेमके कुठले टिळक सांगायचे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. तुम्हाला १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला, आठवी-नववीच्या मुलांसमोर दहा मिनिटं बोलायचंय. तयारीला बसल्यावर एकीकडे शेंगांची टरफलं, सिंहगर्जना, मंडालेचा तुरुंग सापडला आणि दुसरीकडे संमतीवयाच्या कायद्याला विरोध, मुलींच्या शिक्षणावरचे लेख, वेदोक्त प्रकरण. स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतात पुण्यतिथीच्या दिवशी हे उकरून कशाला काढायचं आणि दुसरे म्हणतात हे सांगायचं नसेल तर भाषणच नको. आणि तुम्ही विचारताय, खरे टिळक कुठले.

मी २९ वर्षं ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवला, त्यातल्या बऱ्याच उन्हाळी सुट्ट्या केसरीच्या जुन्या फायली चाळण्यात गेल्या, तेव्हा जे सांगतोय ते त्या अनुभवातून. तुमची अडचण माहितीची नाहीये, माहिती तुम्ही चांगली जमवलीय. दोन ढीग समोर आहेत आणि ते एका माणसात कसे बसवायचे हे कळत नाहीये, ही खरी अडचण आहे.

आधी एक कबूल करतो. किती आणि कसं सांगायचं हे तुमच्या शाळेवर, मुलांच्या वयावर, गावातल्या वातावरणावर अवलंबून आहे आणि ते मला इथे बसून कळणार नाही. आठवीच्या मुलाला संमतीवय समजावताना शब्द जपून वापरावे लागतात. तुमची नोकरी नवी असेल तर मुख्याध्यापकांना आधी मसुदा दाखवा, त्यात कमीपणा नाही. पण "सोपं करून सांगणं" आणि "गाळून सांगणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मनात पक्कं ठेवा.

सुरुवातीची आठ-दहा वर्षं मीसुद्धा फळ्यावर मधोमध रेघ मारायचो. डावीकडे राजकारणातले टिळक, उजवीकडे समाजकारणातले टिळक, आणि शेवटी "थोर माणसांनाही मर्यादा असतात" असं म्हणून तास संपवायचो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, मग बेरीज किती आली?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री लक्षात आलं की ती रेघच चुकीची आहे, कारण एकच माणूस एकाच टेबलावर बसून, एकाच लेखणीनं दोन्हीकडचं लिहीत होता. तेव्हापासून मी रेघ मारणं सोडलं आणि मुलांना तारखा लावायला शिकवलं. म्हणजे टिळकांचं कुठलंही वाक्य आलं की ते कुठल्या साली, कुणाला उत्तर म्हणून आणि त्या वेळी हा माणूस आणखी काय करत होता, हे आधी बघायचं.

हे करून बघितलं की पहिल्यांदा काय दिसतं सांगतो. १८८० ला चिपळूणकर, टिळक मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर येऊन मिळाले, १८८१ च्या जानेवारीत केसरी (मराठी) आणि मराठा (इंग्रजी) ही वर्तमानपत्रं सुरू झाली, केसरीचे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या, बर्व्यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर दोघंही मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवस. छापलेली पत्रं बनावट निघाली होती. या खटल्यात त्यांना जामीन मिळावा म्हणून धडपड कुणी केली, तर महात्मा फुल्यांनी, रामशेठ उरवणे यांच्याकरवी. हे मुलांना जरूर सांगा. आज ज्यांची नावं एकमेकांवर फेकून मारायला वापरतात ती माणसं एका वेळी एकमेकांच्या जामिनाची सोय करत होती.

पुढच्या आठ वर्षांत सगळं फाटलं. आगरकर १८८७ ला केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ ला त्यांनी सुधारक हे स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. भांडणाला पैशाची, स्वभावाची, कामाच्या वाटणीची कारणं होतीच, पण आधी काय, समाज सुधारायचा की राज्य मिळवायचं, हा प्रश्न त्यात होताच होता. आणि इथेच रखमाबाईंचा खटला येतो. लहानपणी लग्न लावून दिलेली मुलगी मोठी झाल्यावर म्हणते मी या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, आणि १८८७ मध्ये कोर्ट म्हणतं जा, नाहीतर सहा महिने कैद. टिळकांनी या वेळी रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. पुण्यात १८८४ ला हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली होती, तिच्या अभ्यासक्रमावर आणि पूर्ण दिवसाच्या वेळापत्रकावर मराठातून टीका झाली, मुलींना घरकामाला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं असा सूर होता.

मग १८९१ चं संमतीवय. जरा थांबून सांगतो, कारण भांडणं यावरच होतात आणि कायदा काय होता हेच पुष्कळांना माहीत नसतं. तो लग्नाच्या वयाचा कायदा नव्हताच. आधीच्या कायद्यात मुलीच्या संमतीचं वय दहा होतं, ते बारा केलं, लग्न झालेल्या मुलीसाठीही. त्याच्यामागे बंगालमधलं फुलमणी प्रकरण होतं, दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली, आणि नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच होऊ शकला नाही कारण ती दहाच्या वर होती. पारशी सुधारक बेहरामजी मलबारींनी आधीपासून मोहीम चालवली होतीच. टिळकांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की सुधारणा आमची आम्ही करू, परक्या सरकारनं कायद्याच्या दांडक्यानं आमच्या घरात शिरू नये. त्यांनी पर्यायही मांडला होता, ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं, मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत वगैरे. टिळकांचे चाहते हा पर्याय पुढे करतात आणि तो खरा आहे. त्यांनी बालविवाहाचं कौतुक केलं असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

आता माझं मत. परक्या सरकारला घरात शिरू द्यायचं नाही, हा टिळकांचा एकच पाया आहे आणि त्यांचं राजकारण याच पायावर उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी सार्वजनिक सभा या पुण्यातल्या संस्थेच्या माणसांमार्फत शेतकऱ्यांना सांगितलं की पीक बुडालंय तर सरकारच्याच दुष्काळाच्या नियमांप्रमाणे सारा माफ किंवा तहकूब व्हायला पाहिजे, घरातलं विकून सारा भरू नका. सरकारला ते इतकं झोंबलं की सभेची मान्यता काढून घेतली. प्लेगच्या वेळी गोरे सोल्जर घराघरात घुसायला लागले तेव्हा केसरीनं आवाज उठवला. २२ जून १८९७ ला प्लेगचा अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, पुण्यावर दडपशाही सुरू झाली, तेव्हा "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" हा अग्रलेख आला. राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी माणसं निर्दोष म्हणाली, दीड वर्षाची सजा झाली. "आमच्या घरात शिरू नका" हेच इथेही आहे, आणि इथे ते शंभर टक्के बरोबर आहे. मात्र संमतीवयाच्या वेळी त्या घरात एक अकरा वर्षांची मुलगी होती आणि तिला बाहेरून कुणीतरी आत शिरायची गरज होती. माझ्या त्या विद्यार्थिनीला आज मी हे उत्तर देईन.

पण इथेच थांबलात तर तुम्ही टिळकांना फार सहज सोडून दिलं असं होईल. "विरोध सुधारणेला नव्हता, सरकारच्या हस्तक्षेपाला होता" हा खुलासा तुम्हाला स्टाफरूममध्ये कुणीतरी देणारच. त्याला कसोटी लावा. जिथे परकं सरकार मधे नव्हतंच तिथे टिळकांनी काय केलं? कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण घ्या. शाहू महाराजांचे विधी वैदिक मंत्रांनी करायला ब्राह्मणांनी नकार दिला, छत्रपती असून त्यांना शूद्र ठरवलं. यात घरात शिरणारा इंग्रजांचा कायदा कुठे होता? आणि ऑक्टोबर १९०१ मध्ये केसरीनं लेख लिहिले ते महाराजांच्या मागणीविरुद्ध. १९१८ च्या मार्चमध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारणाची परिषद भरवली, सयाजीराव गायकवाड आले होते. टिळक तिथे म्हणाले की देव अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी देव मानणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण आम्ही स्वतःच्या आयुष्यात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या तेव्हा त्यावर टिळकांची सही नाही. भाषणातलं वाक्य पोस्टरवर लावणाऱ्यांनी ही सहीची गोष्टही सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि १९२० चा पुण्यातला वाद, हा सगळ्यात कमी सांगितला जातो. म्युनिसिपालिटीनं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं, पण फक्त मुलांसाठी की मुलींसाठी पण? पैसा कमी आहे तर आधी मुलांचं करू, अशी टिळकांची बाजू. मुलींनाही हवं म्हणून रमाबाई रानड्यांसारख्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. निर्णय आपल्याच गावच्या म्युनिसिपालिटीनं करायचा होता, परक्या सरकारचा त्यात संबंध नव्हता. म्हणजे तो खुलासा १८९१ ला अर्धा लागू पडतो आणि १९०१, १९१८, १९२० ला लागू पडत नाही. तिथे जातीची आणि पुरुषपणाची बाजू होती असंच म्हणावं लागतं, आणि टिळकांबद्दल अपार आदर असूनही मी ते म्हणतो.

दुसऱ्या ढिगालाही हीच कसोटी लावा बरं का, नाहीतर तो अन्याय होईल. "टिळक फक्त ब्राह्मणांचे पुढारी" असं कुणी म्हणालं की मी १९०८ साल काढतो. बिहारमधल्या मुजफ्फरपूरला ३० एप्रिलला क्रांतिकारकांचा बाँब पडला, टिळकांनी "देशाचे दुर्दैव" आणि "हे उपाय टिकाऊ नाहीत" असे लेख लिहिले, हिंसा वाईटच पण ती सरकारच्या जुलमातून जन्मते अशी मांडणी. २४ जूनला मुंबईत अटक. न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील म्हणून उभे होते, आणि आता न्यायाधीश म्हणून त्यांनी जामीन नाकारला, जामिनाचा अर्ज करणारे वकील होते बॅरिस्टर जिना. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, एकूण २१ तासांच्या वर बोलले. २२ जुलैला रात्री निकाल लागला, नऊ जणांच्या ज्युरीत सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेचे सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. गोळीबार झाला, माणसं गेली. परळ-लालबागच्या त्या कामगारांत बहुतेक कोकणातले आणि घाटावरचे मराठा-कुणबी. सोयीचं राजकारण म्हणून कुणी सहा दिवसांची मजुरी आणि जीव सोडत नाही हो. लेनिननंही त्याच वर्षी या संपाची दखल घेतली होती.

मंडालेचं फार लांबवू नका, फक्त एवढं सांगा की मधुमेह असलेल्या माणसानं सहा वर्षं तिथे काढली, पेन्सिलीनं गीतारहस्य लिहिलं आणि १९१२ मध्ये बायको गेल्याची बातमी तारेनं आली. मुलांना हे लगेच भिडतं.

तारखा लावण्याचा आणखी एक फायदा म्हणजे माणूस कुठे बदलला आणि कुठे नाही ते दिसतं. १८९३ ला मुंबईत दंगल झाली आणि १८९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला, तेव्हाच्या मेळ्यांच्या पदांत मोहरमच्या ताबुतांना जाऊ नका असा प्रचार होता. तेच टिळक १९१६ मध्ये लखनौला जिनांच्या जोडीनं हिंदू-मुस्लिम करार करतात, मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मान्य करतात, कारण तिरंगी सामना दुरंगी करायचा होता, आपण एकीकडे आणि इंग्रज एकीकडे. एका साली मुसलमानविरोधी आणि दुसऱ्या साली ऐक्याचा पुरस्कर्ता, कुठलंही एक साल उचललं की पाहिजे तो टिळक मिळतो, आणि व्हॉट्सॲपवर तेच चालतं. पण बघा, मुसलमानांना वेगळं प्रतिनिधित्व देताना जो मोठेपणा दाखवला तो पुढच्याच वर्षी अथणीच्या सभेत दिसत नाही. ब्राह्मणेतर आपलं प्रतिनिधित्व मागत होते, आणि टिळक विचारतात की कुणब्यांना, शिंप्यांना, वाण्यांना कौन्सिलात जाऊन काय नांगर, शिलाईचं मशीन, तराजू चालवायचाय. मला या माणसाच्या सगळ्या आयुष्यात सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट हीच वाटते, कारण नऊ वर्षांपूर्वी याच घरांतली माणसं त्यांच्यासाठी गिरण्या बंद करून रस्त्यावर आली होती.

काही कामाच्या गोष्टी. शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगायची असेल तर सांगा, पण दहातली चार मिनिटं तिच्यात घालवू नका. "टिळक म्हणाले" असं लिहिलेलं प्रत्येक वाक्य साल आणि ठिकाण मिळाल्याशिवाय वापरू नका, मी वर्गात हा नियमच केला होता आणि निम्मी वाक्यं तिथेच गळायची. आणि "त्या काळी सगळेच तसे होते" हे मात्र बोलू नका. त्या काळी आगरकर होते, फुले होते, रानडे होते, रखमाबाई होत्या, पंडिता रमाबाई होत्या. त्याच शहरात, त्याच सालात उलट बाजू मोठ्यानं मांडली जात होती आणि टिळक ती रोज वाचत होते. तसंच "आजच्या चष्म्यातून बघू नका" हे वाक्य, ते मी रखमाबाईंच्या चष्म्यातून बघतो, त्या तर १८८७ च्याच आहेत.

माझ्यावर असतं तर दहा मिनिटं मी अशी वापरली असती. पहिली तीन मिनिटं डोंगरी आणि तो जामीन, दोन मित्र एकाच कोठडीत, बाहेर पडल्यावर काय करायचं याच्या गप्पा. मग दोन मिनिटं ते का वेगळे झाले, त्यात संमतीवय अगदी साध्या शब्दांत, "लहान मुलींना त्रास होऊ नये म्हणून केलेला कायदा, टिळकांनी त्याला विरोध केला कारण त्यांना वाटलं सुधारणा आपली आपण करावी, आगरकरांना वाटलं त्या मुलींना तेवढा वेळ नाही". मग तीन मिनिटं १९०८, कोर्ट आणि गिरण्या. उरलेल्या दोन मिनिटांत १९१८ ची ती सही न केलेली परिषद, आणि मग १९२८ साल. टिळकांना जाऊन जवळपास आठ वर्षं झालेली, त्यांचे धाकटे चिरंजीव श्रीधरपंत बाबासाहेब आंबेडकरांच्या समाज समता संघात सामील होतात आणि त्याच गायकवाड वाड्यात, जिथून केसरी निघायचा, सगळ्या जातींच्या माणसांना एका पंगतीत बसवतात. वाड्यातल्याच लोकांनी विरोध केला तरी पंगत झाली. श्रीधरपंत त्याच वर्षी गेले, पण ते मुलांना सांगायची गरज नाही.

तुमच्या स्टाफरूममधल्या पहिल्या गटानं विचारलं की पुण्यतिथीला हे कशाला, तर त्यांना सांगा की वेदोक्तवाले, अथणीवाले टिळक लपवावे लागतात असं ज्यांना वाटतं त्यांनी १९०८ च्या टिळकांवर पुरेसा विश्वास ठेवलेला नाही. एवढा मोठा माणूस सगळं सांगूनसुद्धा मोठाच राहतो. दुसऱ्या गटाला सांगा की भाषण रद्द केलं तर मुलांना श्रीधरपंतही कळणार नाहीत आणि ते गिरणी कामगारही.

भाषण लिहून झालं की पाठवा, तारखा मी तपासून देतो. संमतीवयाचा भाग आधी एखाद्या आठवीतल्या मुलीच्या आईला वाचून दाखवा, शब्द कुठे बोचतात ते तिला माझ्यापेक्षा नीट कळेल.